चार आडते, एकच व्यापारी

मागच्या महिन्यात परतूर तालुक्यातल्या एका ओळखीच्या पोराचा फोन आला. बी. ए. झालेला, स्पर्धा परीक्षांच्या तीन-चार फेऱ्या मारून दमलेला. त्याने शेतीविषयक मराठी संकेतस्थळ काढलं आहे. सोयाबीन-कापसाचे भाव, पावसाचा अंदाज, सरकारी योजनांची माहिती असं सगळं. दिवसाला पाच-सहा हजार लोक येतात म्हणाला. मग मुद्द्यावर आला. "दादा, एका जाहिरात नेटवर्कवर काही भागत नाही. सगळे म्हणतात, तीन-चार लावा, त्यांच्यात चढाओढ होते, भाव वाढतो. तुम्ही लावली होती ना? कोणती लावू?"

मी म्हटलं, एकही वाढवू नकोस. त्याला ते पटलं नाही. पटण्यासारखं मला फोनवर सांगताही आलं नाही. शिवाय, ज्याने स्वतः चार नेटवर्कं लावली होती, त्याने दुसऱ्याला लावू नको म्हणणं म्हणजे पोट भरल्यावर उपवासाचं महत्त्व सांगणं, असंही त्याला वाटलं असेल. म्हणून हा लेख. तो त्या पोराच्या विरोधात नाही. 'उत्पन्न वाढवायचंय? नेटवर्कं वाढवा' हा जो सल्ला व्हिडिओंतून, कोर्सांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांतून गावोगावच्या पोरांना दिला जातो, त्याच्या विरोधात आहे. हा सल्ला अपुरा किंवा जुना आहे अशी माझी तक्रार नाही. तो खोटा आहे, आणि त्याची किंमत सल्ला देणारा मोजत नाही, सल्ला घेणाराही मोजत नाही. ती तिसराच कुणीतरी मोजतो.

आधी माझी हकिगत.

2017 साली मी आणि एका मित्राने घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या गावातून असंच एक संकेतस्थळ सुरू केलं. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, ते आता नाही. आमच्याकडे मोसंबी आहे, कापूस आहे आणि पावसाची कायमची ओढ आहे. जालन्याच्या बाजार समितीत आज काय भाव निघाला, हे गावातल्या माणसाला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळायचं. आम्ही ते त्याच दिवशी दुपारी टाकायचो. मित्र मोंढ्यात उभा राहून फोनवर आकडे सांगायचा, मी घरी बसून टाइप करायचो. तेवढ्यावर ते चाललं. लोक येत गेले.

तेव्हा गुगलच्या अ‍ॅडसेन्सला मराठी भाषाच मान्य नव्हती. 2003 साली सुरू झालेल्या या सेवेने हिंदीला 2014 च्या शेवटी दारात घेतलं. मराठीला त्यासाठी 2018 साल उजाडावं लागलं. त्या वर्षी आम्ही अर्ज केला, मंजूर झाला. खात्यात दहा डॉलर जमले की पत्ता खरा आहे हे तपासायला ते टपालाने एक पाकीट पाठवतात, त्यात सहा आकडी पिन असतो. आमचं पाकीट महिन्याभराने आलं. पोस्टमनने ते पारावर बसलेल्या वडिलांच्या हातात दिलं आणि वडिलांनी चारचौघांत विचारलं, "ह्ये कशाचं आलंय?" त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. मोंढ्यातले भाव टाइप करून पैसे मिळतात, हे मी गावाला पहिल्यांदा पुराव्यासकट दाखवू शकलो होतो.

पैसे मात्र थोडे होते. शंभर डॉलर झाल्याशिवाय रक्कम बँकेत येत नाही, आणि आमचे शंभर डॉलर व्हायला सुरुवातीला तीन-तीन महिने लागायचे. वाचक वाढले तसे महिन्याला दहा-अकरा हजार रुपये यायला लागले. दोघांत वाटून घेतले, सर्व्हरचं भाडं आणि मित्राचं पेट्रोल वजा केलं, की उरायचं ते सांगण्यासारखं नव्हतं. मराठी पानावर जाहिरातीला भाव कमी मिळतो, याचं कारण मराठी भाषा नाही. भाव भाषेला मिळतच नाही, वाचकाच्या खिशाला मिळतो. आमचं तेच पान न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी माणसाने उघडलं, तर त्या एका उघडण्याचे कितीतरी पट जास्त मिळायचे. ज्याच्यासाठी ते पान लिहिलं होतं, त्या अंबडच्या शेतकऱ्याने उघडलं तर पैसे मोजावेत की नाही असा प्रश्न पडायचा. हे मी तेव्हाच नीट ओळखायला हवं होतं. या बाजारात आमचा वाचक हा हलक्या प्रतीचा माल होता.

आता तो सल्ला. तो खोटा आहे असं मी म्हणतो, पण तो मूर्खपणाचा नाही. उलट मोंढा पाहिलेल्या माणसाला तो लगेच पटतो. मोसंबीच्या ढिगाभोवती एकच व्यापारी उभा असेल तर तो म्हणेल तो भाव. चार उभे असतील तर बोली चढते. जाहिरातीच्या जागेचंही तसंच, असं सांगतात. पानावरची रिकामी चौकट हा तुमचा ढीग. वाचकाने पान उघडलं की त्या क्षणाला लिलाव होतो. एकाच नेटवर्कला बोली लावू दिलीत तर तो कमी देईल, म्हणून चौघांना बोलवा. जुन्या पद्धतीत त्यांना ओळीने विचारायचे. पहिल्याने ठरलेल्या भावाला नाही म्हटलं की दुसऱ्याकडे, त्याने नाही म्हटलं की तिसऱ्याकडे. नव्या पद्धतीत सगळ्यांना एकदमच विचारतात, ज्याची बोली मोठी त्याची जाहिरात. ऐकायला यात काहीच चूक नाही.

चूक कुठे आहे ते मोंढ्यातल्याच माणसाला कळेल. ढिगाभोवती चार आडते उभे आहेत, पण चौघेही शेवटी एकाच व्यापाऱ्यासाठी माल घेत असतील, तर बोली कशी चढणार? चढल्यासारखी दिसेल. आवाज वाढेल, हात वर होतील. भाव मात्र तो व्यापारी देईल तेवढाच, आणि मधल्या प्रत्येकाचं काहीतरी त्यातून कापलं जाईल.

हा माझा कडवटपणा नाही, कुणालाही तपासता येतं. प्रत्येक संकेतस्थळाच्या मुळाशी 'अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी' नावाची एक साधी फाइल असते. आमच्या नावावर खोटी जागा कुणी विकू नये म्हणून 2017 मध्ये जाहिरात उद्योगानेच ही पद्धत आणली. या स्थळाची जागा विकायचा अधिकार कुणाकुणाला आहे, त्याची ती यादी. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक शब्द असतो : 'डायरेक्ट' किंवा 'रिसेलर', म्हणजे थेट विकणारा किंवा दुसऱ्याचा माल पुढे विकणारा. मी एकेक नेटवर्क जोडत गेलो तसा प्रत्येकाने मला आपली यादी पाठवली आणि म्हटलं, ही चिकटवा. चौथं नेटवर्क लागेपर्यंत माझ्या फाइलीत चारशेवर ओळी झाल्या होत्या. घनसावंगी तालुक्यातल्या एका खोलीतून चालणाऱ्या स्थळाची जागा विकणारे चारशे! त्यातल्या बहुतेक ओळींच्या शेवटी 'रिसेलर' होतं. आणि तीच ती नावं, तोच गुगलचा पत्ता, वेगवेगळ्या खातेक्रमांकांसकट, चारही याद्यांत पुन्हा पुन्हा येत होता. मी चार नवे खरेदीदार आणले नव्हते. एकाच दुकानाची चार मागची दारं उघडली होती.

त्या दुकानाविषयी आता न्यायालयानेही बोलून ठेवलं आहे. 2008 मध्ये गुगलने डबलक्लिक ही कंपनी ताब्यात घेतली, तेव्हापासून जागा विकणाऱ्याचं साधन, जागा विकत घेणाऱ्याचं साधन आणि मधला लिलावाचा बाजार, तिन्ही एकाच्या हातात आले. म्हणजे शेतकऱ्याचा आडत्या तोच, व्यापाऱ्याचा दलाल तोच आणि बाजार समितीचा सभापतीही तोच. 17 एप्रिल 2025 रोजी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या संघीय न्यायालयाच्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी निकाल दिला, की प्रकाशकांच्या जाहिरात-सर्व्हरचा बाजार आणि जाहिरात-लिलावाचा बाजार या दोन्हींत गुगलने बेकायदा मक्तेदारी उभी केली आहे. या लिलावात 20 टक्के कापून घेण्याची रीत वर्षानुवर्षं टिकली, हा त्या खटल्यातला एक मुख्य मुद्दा होता. त्याच वर्षी सप्टेंबरात युरोपीय आयोगाने याच धंद्यासाठी 2.95 अब्ज युरोंचा दंड ठोठावला. आपल्याकडे वृत्तपत्रांच्या डिजिटल आवृत्त्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी 2022 मध्येच चौकशीचा आदेश दिला होता. मोठमोठी वृत्तपत्रं जिथे 'आम्हाला भाव कळत नाही' म्हणून आयोगाकडे जातात, तिथे तीन-चार नेटवर्कांच्या 'चढाओढी'तून भाव काढून देण्याचं आमिष परतूरच्या पोराला दाखवणाऱ्यांना काय म्हणावं?

आणि कापाकापी किती होते? जाहिरातदाराने दिलेल्या पैशाचं पुढे काय होतं, याचा माग ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या संघटनेने पीडब्ल्यूसीकडून काढून घेतला. 2020 सालचा हा अहवाल. मोठे जाहिरातदार, नावाजलेले प्रकाशक, म्हणजे बाजारातला सगळ्यात स्वच्छ भाग तपासला. तिथेही प्रकाशकाच्या हातात सरासरी 51 टक्के पोचले. 15 टक्के कुठे गेले, ते हिशेबनिसांनाही सापडलं नाही. त्याआधी 2016 मध्ये 'गार्डियन'ने आपल्याच संकेतस्थळावरची जागा बाहेरून जाहिरातदार बनून विकत घेऊन पाहिली. सगळ्यात वाईट व्यवहारात एका पौंडातले 30 पेन्स त्यांच्याच खिशात परत आले. ही लंडनच्या वर्तमानपत्राची गत. मधे चार आडते आणि चारशे ओळी असलेल्या आमच्या स्थळाचा हिशेब कुणी केलेला नाही आणि करणारही नाही. आपल्या राज्यात 2016 मध्ये सरकारने ठरवलं, की फळं-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची. अंमलबजावणी कशी झाली ते मोंढ्यात विचारा. पण निदान 'आडत कुणी द्यायची' हा प्रश्न तिथे विचारला तरी गेला.

मग माझं उत्पन्न वाढलंच नाही का? वाढलं. हेच तर फसवं आहे. 2019 च्या दिवाळीनंतर मी दुसरं, तिसरं आणि चौथं नेटवर्क जोडलं आणि पहिल्याच महिन्यात आकडा दीडपटीच्या वर गेला. सल्ला देणारे याच महिन्याचं छायाचित्र दाखवतात. पुढचे महिने दाखवत नाहीत.

वाढ भावातून आली नव्हती. आधी ज्या चौकटी रिकाम्या राहायच्या त्या भरल्या गेल्या, त्यातून आली. पहिल्या नेटवर्कला ज्या जागेसाठी बरा जाहिरातदार मिळाला नव्हता, ती जागा कवडीमोलाने पुढे सरकली आणि ज्याला कुठलीही जागा चालते अशा माणसाने ती घेतली. मोंढ्यात सौदे आटोपल्यावर उरलेली बारीक, डागी मोसंबी शेवटी रसवाले उचलतात. इथेही तसंच झालं. फरक एवढाच, की उरलेला माल म्हणजे आमचा वाचक होता आणि विकत घेणारे खरोखरच रस काढणारे होते. साखर मुळापासून घालवणारा काढा, पोट सात दिवसांत आत, घरबसल्या रोज पाच हजार, कुणा नटीच्या फोटोखाली भलताच मजकूर. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला या देशात 1954 च्या कायद्याने बंदी आहे. आमच्या पानावर ती जाहिरात दिवसाला हजारो वेळा लागत होती आणि ती कुणी दिली हे मला माहीत नव्हतं. मला विचारूनही कळलं नसतं.

दुसरी गोष्ट पान जड होण्याची. प्रत्येक नेटवर्क आपला कोड आणतो, त्याच्या मागे त्याच्या भागीदारांचे कोड येतात. आमचे भाव म्हणजे साध्या आठ ओळी. त्या आठ ओळी यायच्या आधी स्वस्त फोनवर अर्धा मिनिट पांढरा पडदा दिसायला लागला. आलेली ओळ वाचायला बोट ठेवावं तर मधेच जाहिरात येऊन ओळ खाली सरकायची आणि बोट जाहिरातीवर पडायचं. सुरुवातीला मला ती चूक वाटली. नंतर कळलं, त्या धंद्यात तो गुण आहे. चुकून पडलेल्या बोटाचेही पैसे मिळतात. पुढे अशाच बोटांमुळे एका नेटवर्कने आमचं खातं काही आठवडे जवळजवळ बंद करून टाकलं. रोज येणारे वाचक हळूहळू यायचे थांबले. सहा महिन्यांत आकडा जिथून निघाला होता त्याच्याही खाली आला. तेव्हा मी काय केलं? सल्ला देणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, पाचवं लावून बघ.

त्याने आणखीही एक सांगितलं : भावाच्या पानाला काही मिळत नाही, योजनांवर लिही. म्हणून मी 'पीक विमा यादी आली, इथे बघा' असं पान केलं. यादी आलेली नव्हती. यादी कुठे बघायची त्याची माहिती पानाच्या अगदी तळाशी होती, आणि तिथे पोचेपर्यंत सहा जाहिराती. आता 2024 पासून लाडक्या बहिणीच्या हप्त्यावर जी शेकडो मराठी पानं निघतात, 'आज दुपारी तीन वाजता खात्यात जमा', ती काढणाऱ्यांना अफवा पसरवायची हौस नसते. एका वाचकामागे काही पैसेच मिळत असतील तर लाखो वाचक लागतात. रोज लाखो वाचक खऱ्या बातमीने येत नाहीत, कारण रोज तेवढं काही घडत नाही. नेटवर्कांची संख्या आणि मजकुराचा खोटेपणा ही दोन वेगळी दुखणी नाहीत.

आमच्या शेजारचे आबा त्याच पानावर आले.

आबा म्हणजे वडिलांचे जोडीदार. पाच एकर कोरडवाहू. पोरगा पुण्याला कंपनीत, त्याने जुना फोन दिलेला. आमचं स्थळ ते रोज बघायचे, कारण ते 'आपल्या पोराचं' होतं. 2020 च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. पीक विम्याच्या पानावर त्यांना मोठं हिरवं बटण दिसलं, डाउनलोडचं. त्यांना वाटलं, यादी. ती जाहिरात होती. त्यातून एक अ‍ॅप उतरलं, त्याने आधार मागितलं, बँकेचा खातेक्रमांक मागितला, फोटो मागितला. विम्याला हे सगळं लागतंच, आबांनी दिलं. दुसऱ्या दिवशी खात्यात एकवीसशे रुपये जमा झाले.

आबांना वाटलं, विमा आला. त्यांनी आमच्या घरी पेढे आणून दिले. मला म्हणाले, "तुह्या साइटीनं काम केलं बरं बाबा." मी पेढा खाल्ला.

सात दिवसांनी फोन सुरू झाले. ते कर्ज होतं. पस्तीसशे परत करा. आबांनी विचारलं, कशाचे? पलीकडच्याने हिंदीत शिवी दिली. दोन दिवसांत त्यांच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरावर मेसेज गेला, की हा माणूस चोर आहे, तुमचं नाव जामीन म्हणून दिलंय. त्यात लेकीच्या सासरची माणसं होती. आबांनी पैसे भरले. पुन्हा मागितले, पुन्हा भरले. तिसऱ्या वेळी ते आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्या तं तुह्यावर हाये म्हणून दाबलं रं." रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मला काहीतरी उत्तर सुचलं असतं.

ती जाहिरात कुठून आली हे मी शोधायचा प्रयत्न केला. चारपैकी कुठल्या नेटवर्कने ती आणली, हेच कळेना. चौघांना मेल केले. दोघांकडून यंत्राने लिहिलेलं उत्तर आलं, एकाने भागीदाराकडे बोट दाखवलं, चौथ्याने काहीच नाही. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाचा अहवाल आला. त्यांना अ‍ॅप-बाजारांत कर्ज देणारी साधारण अकराशे अ‍ॅपं सापडली, त्यातली सहाशे बेकायदा होती. ती सहाशे अ‍ॅपं लोकांपर्यंत पोचली कशी, याचं एक उत्तर मला माहीत होतं. माझ्यासारख्यांनी पोचवली. आबांच्या त्या एका बोटाचे मला किती मिळाले असतील? फार तर दोन-चार रुपये. तेही महिन्याच्या एकूण आकड्यात मिसळून गेले. आबांनी भरलेले पैसे मी नंतर त्यांना दिले. त्यांनी अर्धेच घेतले. तीन महिन्यांनी आम्ही स्थळ बंद केलं.

आता आक्षेप, कारण ते येणारच.

पहिला : छापील वर्तमानपत्रं काय धुतल्या तांदळासारखी होती? वशीकरण, गुप्तरोग, बोगस नोकऱ्या यांच्या छोट्या जाहिरातींवर किती साप्ताहिकं जगली! खरं आहे. पण त्या अंकाच्या शेवटच्या पानावर मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि पत्ता छापलेला असायचा. 1867 च्या कायद्याने तो छापावाच लागायचा, त्याच्या जागी आलेल्या 2023 च्या कायद्यानेही जबाबदार माणूस कोण हे सांगावं लागतं. फसलेला माणूस काठी घेऊन कचेरीत जाऊ शकत होता. आबा माझ्या ओसरीवर आले, पण मला पुढे जायला कुणाची ओसरीच नव्हती. चार नेटवर्कं लावली की जबाबदारी चौघांत वाटली जाते असं नाही. ती नाहीशी होते.

दुसरा आक्षेप या लेखाच्या वाचकांपैकी काही जण मनातल्या मनात घेत असतील : मी तर जाहिराती अडवणारं साधन वापरतो, मला एकही दिसत नाही. अभिनंदन. पण तुम्हाला न दिसलेल्या जाहिरातींचं उत्पन्न कुठून तरी भरून निघतंच. ज्याला ते साधन ठाऊक नाही, ज्याच्या फोनमध्ये ते बसत नाही, त्याच्या पानावर सहाच्या जागी नऊ चौकटी लागतात. फुकटच्या मराठी वाचनाचं बिल सध्या आबा भरत आहेत.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा : मग जगायचं कसं? मोठ्या इंग्रजी प्रकाशनांना अनेक खरेदीदार एकदम बोलवून फायदा होतो, हे मी नाकारत नाही. त्यांच्याकडे किमान भाव ठरवणारी माणसं आहेत, नको ती जाहिरात हटवणारी माणसं आहेत, आणि त्यांच्या वाचकासाठी खरोखर चार वेगळे खरेदीदार येतात. आमच्याकडे यातलं एकही नाही. आमच्याकडे दुसरंच काहीतरी आहे आणि ते आम्ही विकायला काढत नाही.

जालन्यात जाहिरात देणारे नाहीत असं कुणी म्हणू शकेल का? इथली कुठलीही मोकळी भिंत बघा, एक तर सळईची जाहिरात नाही तर बियाण्याची. 1964 साली इथे बद्रिनारायण बारवाल्यांनी महिको काढली, तेव्हापासून बियाण्याचा धंदा या गावाची ओळख आहे. पोलादाच्या भट्ट्या आहेत, ठिबकवाले आहेत, मोसंबीच्या रोपवाटिका आहेत, ट्रॅक्टरची दालनं आहेत, तालुक्या-तालुक्याला कृषी सेवा केंद्रं आहेत. रोज पाच हजार शेतकरी जे पान उघडतात, त्यावर यातल्या एकाचीही जाहिरात नाही आणि कुठल्या तरी काढ्याची आहे. हा त्या व्यापाऱ्यांचा दोष नाही. आम्ही त्यांच्या दारात गेलोच नाही. मी एकदा, एकाच दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "तुझ्या त्या मोबाइलवाल्या जाहिरातीत मी काही दिसत नाही. भिंत रंगवली की चार वर्षं दिसतो." मी हिरमुसून परत आलो आणि खोलीत बसून तिसरं नेटवर्क जोडलं, कारण त्याला कुणाच्या तोंडाकडे बघायला लागत नव्हतं. आज कळतं, त्याने मला जाहिरातीचा सगळा धडा एका वाक्यात दिला होता. एका जागी, एका नावाने, लोकांच्या डोळ्यांसमोर टिकून राहायचं. मी त्याला चार वर्षांची भिंत द्यायला हवी होती : वर्षाची ठरलेली रक्कम, पानाच्या माथ्यावर त्याचं नाव, दुसरं कुणी नाही.

त्यातही बंधन आहे, हे लपवत नाही. बियाणेवाल्याची जाहिरात घेतली की न उगवलेल्या बियाण्याची बातमी लिहिताना हात जड होतो. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा छापल्या की वर्षभर त्याच्याविषयी जपून लिहिलं जातं. जिल्ह्यातल्या साप्ताहिकांनी हे भोगलं आहे. पण ते बंधन दिसतं. कुणाचं मीठ खाल्लं ते वाचकाला वरच वाचता येतं आणि तो मजकूर त्या हिशेबाने घेतो. चारशे ओळींच्या फाइलीतून आलेलं मीठ कुणाचं, हे खाणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

म्हणून त्या पोराला माझं सांगणं असं आहे. एक नेटवर्क ठेव, ज्याच्यात नको ते जाहिरातीचे प्रकार बंद करता येतात, आणि ते खरोखर बंद कर : कर्ज, औषधं, जुगार. रिकामी चौकट रिकामी राहू दे. मोंढ्यातसुद्धा भाव पडला तर शहाणा शेतकरी माल परत घरी नेतो. जिथे वाचक काहीतरी दाबायला बोट ठेवणार आहे, त्याच्या आसपास जाहिरात लावू नकोस. पानाच्या तळाशी तुझं नाव, गाव आणि फोन नंबर लिही, म्हणजे फसलेल्याला तुझी ओसरी सापडेल. आणि महिन्यातले दोन दिवस मोटारसायकल काढून चार दुकानांत जा. चारपैकी तिघे नाही म्हणतील. तिघांचं नाही ऐकून घेणं, हेच ते काम आहे जे टाळण्यासाठी आपण नेटवर्कं लावतो. दरमहा दीड हजार देणारे चार जण मिळाले तर सहा हजार होतात. श्रीमंत होणार नाहीस. मी चार नेटवर्कांवर शेवटी जे मिळवत होतो, त्याच्या फार मागेही राहणार नाहीस.

आणि एवढं करूनही भागलं नाही तर? तर हे काम जाहिरातीवर भागणारं नाही, असं उघड म्हणायला शीक. बाजारभाव वेळेवर कळणं ही शेतकऱ्याची गरज आहे. तिचा खर्च बाजार समितीने, सहकारी संस्थेने, गावाने, वाचकाने, कुणी करायचा याचं भांडण आपण भांडायला हवं होतं. ते भांडण टाळून आपण तो खर्च गुपचूप आबांच्या खात्यातून वळता केला.

आबा अजून आहेत. भाव आता ते पारावर विचारतात. मोबाइलवर काही दाबायचं असलं की आधी मला हाक मारतात, "बाबा, हे दाबू का?" मी फोन हातात घेतो, नीट बघतो, बहुतेक वेळा नाही म्हणतो.